लांडगिणीचं गाव

निमोण्याचे म्हस्कूआबा नात पूनमकडं रोमला आले आणि पहिल्याच दिवशी हरखून गेले. केवढाले खांब, केवढाली कारंजी! आबांची मान काही खाली येईना. तेवढ्यात चौकात लांडगिणीचा पुतळा दिसला आणि उभी हयात मेंढरं राखलेल्या आबांची काठी आपसूक वर गेली.

"आबा, थांबा!" पूनम हसत सुटली. "हिनं म्हणे दोन तान्ही पोरं दूध पाजून जगवली. त्याच पोरांनी पुढं हे शहर वसवलं."

आबा पुतळ्याभोवती एक चक्कर मारून आले.



"दोन पोरांना दूध पाजलं, तर एवढं रोम! आन् आमच्या माळावरच्या लांडग्यांनी माझी चाळीस मेंढरं खाल्ली, तरी एसटीची साधी शेड बांधली न्हाई!"