झाकणावरची पाटी

"काका, गाडी काढता का? रविवारी टँकर यायचाय," मिनलने पुन्हा विचारलं.

चिंचेच्या सावलीत अर्जुनराव निवांत उभे होते. त्यांची गाडी नेमकी सोसायटीच्या टाकीच्या झाकणावर होती.

"ही जमीन आमची व्हती, पोरी. चिंच आमच्या आज्यानं लावली. मग सावली कुनाची?"

जमीन बिल्डरला विकून बदल्यात दोन फ्लॅट घेतले, तरी चऱ्होलीतल्या या सोसायटीत अर्जुनराव वावरात असल्यासारखेच वावरायचे. 'पाण्याची टाकी. गाडी लावू नये' ही पाटी त्यांच्या खिजगणतीतही नव्हती.

रविवारी मिनलचा साखरपुडा. घरभर पाहुणे, नळाला पाणी नाही, आणि टँकरचा पाइप जायचा त्या झाकणावर ही गाडी! मिनलची आई शालनबाई रडकुंडीला आल्या होत्या.

संध्याकाळी मिनलने जुनी पाटी उपटली आणि नवी लावली. लाल अक्षरांत, इंग्रजीत, एकच शब्द: सबटेरेनियन.

"म्हणजे गं काय?" शालनबाईंनी विचारलं.

"जमिनीखालचं. भुईमुगाच्या शेंगा, बटाटे, आपली टाकी, सगळं सबटेरेनियनच. पण कुणाला सांगू नकोस."

सकाळी अर्जुनराव पाटीसमोर बराच वेळ घुटमळले. "काय निघालंय हितं?"

"तेच लिहिलंय ना, काका," मिनल गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

"इकताना कुनी बोललं न्हाई मला!" त्यांनी गाडी तडक गेटबाहेर नेऊन लावली. दुपारपर्यंत पोरंही तिथे खेळेनाशी झाली. शालनबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीला शिरा करून घातला.

रविवारी टँकर आला. चालक रहिमानने पाटी वाचली आणि सोडलेला पाइप परत गुंडाळायला घेतला.

"अहो, भरा ना टाकी!" शालनबाई म्हणाल्या.

"नाही ताई. मागे आमच्या एकाने अख्खा टँकर गटारात सोडला. तेव्हापासून मालकाचा हुकूम आहे, पाटीवर पाणी लिहिलेलं असेल तरच पाइप लावायचा. इथे भलतंच कायतरी आहे."

टँकर निघाला. पाहुणे यायची वेळ झाली होती. शालनबाईंचा धीर सुटला. त्या मागे धावल्या आणि गेटवर जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडल्या, "थांबा हो! पाण्याचीच टाकी आहे ती! सबटेरेनियन म्हणजे नुसतं जमिनीखालचं!"

रहिमानने मान डोलावली. रस्त्यावरून टँकर वळवून त्याने पुन्हा आत आणला.

चिंचेखाली, झाकणावर, अर्जुनरावांची गाडी उभी होती.