लवकर ये ना!

गेमचा सातवा भाग. साहेबांचं फर्मान होतं, "सगळं नवंकोरं हवं, पण वाटलं पाहिजे जुन्यासारखंच." डिझायनरने राक्षस बदलला, किल्ला बदलला. कैदेतली मुलगीही यंदा मोठी केली, तिची हाक तेवढी तीच ठेवली, "बाबा, लवकर ये ना!" पहिल्या भागात ती त्याच्याच चिमुरडीने दिली होती. म्हणून रेकॉर्डिंगला त्याने आता नोकरीला लागलेल्या लेकीलाच बोलावलं.

माईकसमोर ती म्हणाली, "बाबा, लवकर या ना."

"अगं, 'या' काय? 'ये' म्हण. पूर्वीसारखं, कळवळून!"

पुन्हा 'या'च आलं. तो वैतागला. तिने शांतपणे हेडफोन काढून ठेवले.

"जुनंच रेकॉर्डिंग वापरा, बाबा. तेव्हा मी खरंच वाट बघत होते."