बानाबाईचा मोडका हात

“बाईबरोबर बाईमाणूसच आत येईल. पुरुषांनी बाकड्यावर बसायचं,” विशाखा सिस्टरनं दारातच हात आडवा घातला. “नवा नियम आहे.”

बिभीषणनं नाक मुरडलं. बाहेर त्याचा पाण्याचा टँकर उभा, आणि दुष्काळात टँकरवाल्याला मरायलाही फुरसत नसते. पण सासू, बानाबाई, सकाळी सासऱ्यासोबत जीपमधून उतरली ती हात गळ्यात अडकवूनच. मेंढरांमागं पळताना पडले म्हणाली. तिकडं तिच्या गंगापुरात काय दवाखाने नव्हते? पण हिला इथला गारखेड्यातलाच पाहिजे, आणि संगं लेकच पाहिजे. बायकोला एकटीला कुठं धाडायची बिभीषणची रीत नव्हती. मग काय, तोही आला.

कण्हत कण्हत सासू आत गेली. मागून दिपाली, खाली मान घालून. दार लागलं.

भिंतीवर कागद होता : ‘घरी कुणी मारतं का? सिस्टरला सांगा.’ बिभीषणनं तो मोठ्यानं वाचला आणि शेजारी बसलेल्या सासऱ्याकडं बघून गालात हसला.

“मामा, मामी खरंच पडल्या का तुमची काठी लागली? आत समदं विचारत्यात म्हणं.”

मल्हारराव तंबाखू मळत होता. “विचारू द्या की.”

“पोलीस येत्यात, मामा. ह्या वयात लई नाचक्की.”

“व्हय की.”

म्हाताऱ्याची पार टरकलीय, बिभीषणला वाटलं. त्याला भारी मजा आली.

अर्धा तास झाला. खिशात मोबाईल वाजला. त्यानं दोन्ही काढले. वाजत होता तो त्याचा. गुलाबी कव्हरचा दिपालीचा त्यानं परत खिशात टाकला. बाईच्या हातात मोबाईल दिला की संसाराचं वाटोळं होतं, हे त्याचं ठाम मत.

“निघालोच,” त्यानं टँकरच्या मालकाला सांगितलं आणि सासऱ्याला डोळा मारला. “म्हातारी सगळंच ओकतीय वाटतं. तुमचं काय खरं नाय, मामा.”

“लई दिवसांचं साठलंय,” मल्हारराव म्हणाला. “बोलू द्या.”

दार उघडलं. बानाबाई एकटीच बाहेर आली. गळ्यातलं फडकं घडी घालून कमरेला खोचलेलं. मागं दार पुन्हा लागलं.

“दिपाली कुठंय?”

बानाबाईनं तोच हात त्याच्यापुढं सरळ केला.

“तिचा मोबाईल द्या, पाव्हणं. सिस्टर म्हणत्यात, तिचं सांगून व्हायला अजून येळ लागंल.”