सोयरीक होईल

“‘सध्या बंद’ एवढंच लिहायचं ना, मावशी?” रंगाऱ्याने पाटीशी लावलेल्या शिडीवरून विचारलं.

मावशींनी नुसती मान हलवली.

ती पाटी दोन वर्षांपूर्वी याच रंगाऱ्याने रंगवलेली. ‘येथे पाहुण्यांची सोय होईल’ असं लिहायचं होतं. पण पठ्ठ्या आठवडाभर कुठल्याशा वधू-वर सूचक मंडळाच्या पाट्या रंगवून आलेला. हात त्याच वळणावर गेला आणि लिहून बसला, ‘येथे पाहुण्यांची सोयरीक होईल’. गाव पोट धरधरून हसलं. मावशी झाडू घेऊन त्याच्यामागे धावल्या. तेवढ्यात पहिले पाहुणे उतरले, पाटीखाली उभे राहून फोटो काढू लागले आणि चूक तशीच राहून गेली.

गाव जेमतेम नऊ घरांचं. एका वेळी आठच पाहुणे घ्यायचे, तेही घरोघरी पाळीने, असा मावशींनी नियम घातला. कारण झरा एकच. एक सहल कंपनीवाला रोज चाळीस माणसं पाठवतो म्हणाला, तर मावशींनी त्याला कोपरापासून हात जोडले. “लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही तोंड धुवायला गेली,” असं लोक म्हणाले. पण त्या आठांवरच गाव सावरलं. विणकराचा माग पुन्हा खडखडू लागला. बंद पडलेलं दुकान उघडलं. आणि शहरात डब्यांवर लेबलं चिकटवत बसणारी मावशींची लेक घरी परतली. पाहुण्यांना डोंगर दाखवायचं काम तिचं. सकाळी तिचा आवाज ऐकला की मावशींना सगळं भरून पावायचं.

यंदा दरड घसरली आणि झऱ्याचं तोंड गाळाने बुजलं. उरलेली धार गावालाच कशीबशी पुरे. उपसणार कोण? गावात जो तो गुडघ्यावर हात ठेवून उठणारा. शेवटी लेकीने आजवरच्या सगळ्या पाहुण्यांना फोनवर कळवलं, ‘झरा बुजलाय. पाणी नाही. पाहुण्यांनी येऊ नये.’ आणि ती बॅग भरायला बसली. उद्या सकाळी ती पुन्हा शहरात जाणार होती.

रंगाऱ्याने ब्रश बुडवला, तोच वळणावर बस थांबली. एकामागून एक माणसं उतरू लागली. आठ झाली, बारा झाली, वीस झाली. कुणाच्या खांद्यावर कुदळ, कुणाकडे फावडं, घमेलं. टपावरून पाण्याचे कॅनही खाली आले. सगळ्यांत पुढे, तीनदा राहून गेलेल्या निवृत्त शिक्षिका. कुदळ त्यांच्यापेक्षा जड दिसत होती.

मावशी गडबडून पुढे धावल्या. “अहो बाई, निरोप नाही का मिळाला? पाहुण्यांनी येऊ नये म्हणून कळवलं होतं!”

“मिळाला की. म्हणूनच पाहुणे कुणी आलेच नाहीत.” बाईंनी कुदळीने पाटी दाखवली. “आम्ही सोयरे. सोय जाणे तो सोयरा, म्हणतात ना? चला, झरा कुठे बुजलाय ते दाखवा.”

दारात उभ्या लेकीने बॅग तिथेच टाकली आणि बाईंच्या हातातली कुदळ घेतली. “मी दाखवते,” म्हणत ती चढाला लागलीसुद्धा. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. देवाने एवढी माणसं आपल्या पदरात कधी टाकली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

“मावशी, मग मी काय करू?” शिडीवरचा रंगारी खजील होऊन म्हणाला. “माझी चूक तरी सुधारू का आता?”

“सुधार,” मावशी म्हणाल्या. “तो ‘होईल’ पूस. ‘झाली’ लिही.”