होडीच्या फळ्यांची ओटी

“तुझी पोर हाकेला वळत नाय गो. एकदा कान दाखवून घे,” शेजारच्या शालूकाकू सुकट निवडता निवडता म्हणाल्या होत्या.

हेमांगीनं ते हसण्यावारी नेलं. खरं तर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचणारी ती. दूध मनगटावर टाकून पाहिल्याशिवाय लेकीच्या ओठाला लावायची नाही. पण या एका बाबतीत ती निर्धास्त होती. “काकू, आमची रूपल वळते ती आजोबांच्या हातोडीला. तुमची हाक तिला पसंत नसेल.”

आणि ते सगळं गाव बघत होतं. तिचे सासरे, तात्या, डायमेकर. तारापूरकडे हे काम घरोघरी चालतं. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यात छिन्नीनं वेलबुट्टी कोरायची, तीही उलटी. दागिना जिथे फुगीर हवा तिथे खड्डा. पुढे कुठला तरी सोनार त्यात सोन्याचा पत्रा दाबतो आणि खड्ड्याचं फूल होतं.

तात्यांची बैठक ओटीवर, पुढ्यात लाकडी ओंडका आणि त्यावर तो ठोकळा. मुरबे गावच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या आणून त्यांनी ओटीपासून आतल्या खोलीपर्यंत वाशांवर ठोकल्या होत्या, ओल वर येऊ नये म्हणून. फळ्यांवर अजून कुठे कुठे निळा रंग होता. वर्षभराची रूपल दिवसभर त्याच फळ्यांवर. तात्यांकडे पाठ करून शिंपल्या मांडत बसायची. टकटक सुरू झाली की गर्रकन वळायची आणि रांगत येऊन त्यांच्या मांडीला टेकायची. “कान कसले तिखट हायत बग,” तात्या कौतुकानं म्हणायचे.

एका दुपारी हेमांगीच्या नवऱ्यानं, शैलेशनं, जाड रबराचा तुकडा आणून बापासमोर टाकला. तो बोईसरच्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा.

“तात्या, हे मशीनखाली घालतात. तुमच्या ओंडक्याखाली सरकवा. मला जरा झोपू द्या.”

“आवाज तर तेवढाच येल.”

“आवाजाचं काय नाय, कानात कापूस घालीन. खाटेला कापूस कुठे घालू? तुमचा एकेक ठोका फळ्यांतून माझ्या बरगडीत येतो.”

तात्यांनी कुरकुरत ओंडक्याखाली रबर सारलं आणि छिन्नी धरली. टक. टक. टकटक. आवाज खणखणीत. कुंपणावरचा कावळा उडाला.

रूपल वळली नाही.

दारात वाल सोलत बसलेल्या हेमांगीच्या बोटांत दाणा तसाच राहिला.

“रुसली का काय आमच्यावर?” तात्या हसले. त्यांनी जोरात ठोका मारला. रूपलनं एक शिंपली उचलली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली. नीट, सावकाश.

हेमांगी उठली. तिनं ओंडका कलता केला आणि रबर ओढून काढलं. “आता मारा.”

टक.

रूपल गर्रकन वळली आणि तोंडभर हसली.

रबर परत घातलं. ठोका. लेकीची पाठ. रबर काढलं. ठोका. लेकीचं हसू. हेमांगीनं मागून हाक मारली, “रूपल!” मग पुन्हा, घसा फाटेस्तोवर. आतून शैलेश धडपडत उठून दारात आला. रूपल शिंपल्या मांडत होती.

तात्यांच्या हातातली हातोडी खाली आली. “ही पायानं ऐकते गो,” ते पुटपुटले. “आन आमी म्हणत होतो, कान तिखट.”

हेमांगी त्यांच्यासमोर फळ्यांवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण तिनं दोन्ही कानांत घट्ट बोटं घातली आणि अनवाणी तळवे फळ्यांना टेकवले. “मारा तात्या. फूल कोरा. थांबू नका.”

आधी काहीच नाही. मग तळव्यांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग त्या मुंग्या रांगेत चालू लागल्या. देठ सरळ होता; ठोके लांब, सारखे. पाकळी आली तसे ते भरभर आले आणि टोकाशी हळू झाले. एक पाकळी. दुसरी. ती पूर्ण झाली त्याच क्षणी रूपल हसली. पोर रोज फूल उमलताना बघत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सगळ्यांसाठी जिथे आवाज होता, तिथे तिच्यासाठी खड्डा होता. त्या खड्ड्यात तिनं आख्खं घर दाबून घेतलं होतं, आणि त्याची वेलबुट्टी झाली होती.

तेवढ्यात फळ्यांतून काहीतरी वेगळं आलं. जड, एका पायावर जास्त भार देणारं. रूपल केव्हाच बाजूच्या पायरीकडे बघत होती. हेमांगीनंही मान वळवली. ओटीच्या कोपऱ्यावरून शालूकाकू आल्या, हातात सुकटीची वाटी.

“काय झालं? अशी काय बसलीत सगळी?”

हेमांगीनं कानांतली बोटं काढली. “काकू, उद्या पालघरला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही याल सोबत?”

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि रूपलला उचलून कडेवर घेतलं.

आता कुणाच्या कडेवर शांत, गुणी बाळ दिसलं की हेमांगी थांबते आणि त्याच्या आईला एक गोष्ट सांगते. तीच तुम्हालाही. घरात तान्हं असेल तर आजच त्याच्या पाठीमागे जा. पाऊल वाजवू नका, खाटेला हात लावू नका. भुईला कळू न देता त्याला एकदा हाक मारून बघा.