सहा-बावन्नची खोळंबलेली गाडी

चिहारूच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी हिनोसावा स्टेशनाचा कारभार यंत्राकडे गेला. स्टेशन मूळचं रेशीम गिरणीसाठी बांधलेलं. गिरणी बंद पडली, शहरात कामाला जाणारे तेवढे उरले. रोजचा माणूस आला नाही, तर यंत्र अर्धा तास त्याची वाट पाहूनच गाडी सोडत असे. चिहारूचे वडील मोरोता एकेचाळीस वर्षं सहा-बावन्नने जात.

मंगळवारपासून ती गाडी रोज अर्धा-अर्धा तास खोळंबत होती. शुक्रवारी वैतागलेल्या लोकांनी चिहारूलाच घरून बोलावून आणलं.

"मोरोतासान यायचेत, थोडं थांबू या," यंत्र अदबीने म्हणालं.

"बाबा गेले."

"कुठल्या गाडीने?"

"अरे, ते आता नाहीत!"

"फलाटावर नाहीत, म्हणून तर थांबलोय."

"आम्हाला सोडून गेले रे ते!"

"मग तुम्हाला न्यायला येतीलच. तोवर थांबू."

"चिहारूसान, सरळ सांगून टाका हो त्याला!" डब्यातून कोणीतरी ओरडलं.

चिहारूने कपाळावर हात मारला. तो शब्द तिने चार दिवस तोंडातून काढला नव्हता. साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मोरोता केन्कीची मेले. मंगळवारी, अकरा नोव्हेंबरला, पहाटे पाच वाजता."