‘भुसा’चा शेवटचा अल्बम

कुंदनदादाचा हार्डकोर पंक बँड ‘भुसा’ तुमसरात शेवटचा अल्बम रेकॉर्ड करत होता. नंतर दादा नोकरीला पुण्याला जाणार होता. स्टुडिओ म्हणजे राईस मिलचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना तांदळाची पोती मी लावली, तीन वर्षं सगळी गाणी मी पाठ केली, आणि शेवटच्या गाण्यात ओरडायला दादाने घेतलं कुणाला? माझ्या वर्गात पहिली येणाऱ्या उर्वशीला!

तिने तोंड उघडलं आणि माझा ताबा सुटला. “मी मेली का, दादा? मले काहून नाही घेतलं रे?” छपरातली कबुतरं फडफडत उडाली. रेकॉर्डिंग चालूच होतं. मी रडत घरी पळाले.

अल्बम आला. शेवटच्या गाण्यात उर्वशी नव्हतीच. माझंच ओरडणं होतं, कबुतरांसकट!

“दादा, तू ठेवलं हे?”

“मी तर मिटवून राहिलो होतो. उर्वशीनं हात धरला माझा. म्हणे, माझं काढा, तिचं ठेवा. असं ओरडणं मले जमनार नाही, म्हणे.”

म्हणजे इथेसुद्धा तीच पहिली!